पदरावरचं ऊन

ऊन रखरखीत पडायचं अशा एका शहरात एक चितारी राहत होता. पाण्याच्या रंगांनी माणसं काढायचा, आणि हुबेहूब काढायचा. हात चांगला होता. कणा तेवढा मऊ.

त्या शहरातल्या चौकात एका कापडवाल्याचं दुकान होतं. त्याची म्हातारी आई रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर उन्हात बसायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायची, भाजीवालीशी भांडायची. पुढे गुडघे गेले. वैद्याने सांगितलं, आता लवकरच जिना उतरणं बंद. वरची खोली तर अंधारी. म्हातारी लेकाला म्हणाली, मला पायरीवर बसलेली काढून घे, वर पडल्या पडल्या ऊन तरी दिसेल.

चितारी आला. म्हातारीचं लुगडं पांढरं, उन्हात डोळे दिपवणारं. आता पाण्याच्या रंगात ऊन लावता येत नाही, ते सोडावं लागतं. भोवती सावल्या भरायच्या आणि उन्हाच्या जागी कागद कोरा ठेवायचा. त्याने तसंच केलं. म्हातारीने चित्रातल्या पदरावर हात ठेवून पाहिला.

"मेल्या, चटका बसेल की रे," म्हणाली.

मग लेक आला. म्हणाला, पदर रंगवायचा राहिलाय. चितारी म्हणाला, शेठ, ते ऊन आहे. कापडवाला हसला. कापडात जन्म गेला माझा, मला शिकवतोस? लोक म्हणतील, आईच्या चित्रात रंग वाचवला. भर तेवढं.

चितारी जाणून होता. एकदा भरलं की कोरा कागद परत मिळत नाही. पण चौकातलं वजनदार माणूस, त्याला नाही कोण म्हणणार?

"तुमची मर्जी, शेठ," म्हणाला, आणि पदरावर राखाडी रंगाचा हात फिरवला.

कापडवाला खूश. म्हातारीने अंथरूण धरलं तेव्हा चित्र तिच्यासमोर टांगलं. ती बराच वेळ बघत राहिली.

"पायरीवर दिवेलागण झाली का रे?" तिने विचारलं.

चिताऱ्याला बोलावणं गेलं. ओल्या कुंचल्याने रंग उचलायला गेला तर कागदाचाच भुगा निघाला. मग म्हणाला, नवं काढतो. पण काढणार कुणाला? खाली पायरी रिकामी.

"मला ठाऊक होतं असं होणार," चितारी पुटपुटला.

म्हातारीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"माझ्या लेकाला ठाऊक नव्हतं. तुला होतं ना? मग भरलंस कशाला?"

चितारी कुंचला पुसत उभा राहिला.

तात्पर्य: न कळणाऱ्याने हट्ट धरला तर तो अडाणी म्हणून सोडून द्या. कळत असून ज्याने मान डोलावली, नासाडी त्याची.