साळूचा पेड

फार पूर्वी, डोंगरांच्या गर्दीत एका सपाट माथ्यावर एक गाव वसलेलं होतं. तीन बाजूंना तुटलेले कडे आणि चौथ्या बाजूला खोल दरी. दरीवर दोरांचा एक साकव होता. गावात यायचं तर त्यावरून, गावातून जायचं तरी त्यावरूनच. दुसरी वाट नव्हती.

साकवाचा मुख्य दोर अंबाडीचा. त्यात प्रत्येक गावकऱ्याचा एकेक पेड वळलेला असे. दर वर्षी ठरलेल्या दिवशी ज्याने त्याने आपला जुना पेड काढून नवा वळायचा. ज्याचा पेड साकवात, तो गावाचा. त्याला शेत मिळे, बैठकीत बोलता येई, मनाला येईल तेव्हा दरी ओलांडता येई. ज्याचा पेड नसे, त्याने ओलांडायचं तर एखाद्या पेडवाल्याने त्याच्या पुढे चालायचं, अशी रीत होती.

ही रीत काही पहिल्यापासून इतकी कडक नव्हती. गावाची पहिली माणसं एका जुलमी राजाला भिऊन वर पळून आली होती. तेव्हा हात थोडे आणि दरी रुंद. जो कोणी अंबाडीचा मूठभर वाख घेऊन येई, त्याला ती म्हणत, "वळ बाबा, तूही आमचाच." पुढे नाचणी चांगली पिकू लागली, पोटं भरली. मग खालच्या मुलखात दुष्काळ पडला आणि माणसं रांगा लावून वर आली. तेव्हा पळून आलेल्यांची नातवंडं पळून येणाऱ्यांना भ्याली. बैठक बसली आणि ठरलं, की यापुढे ज्याच्या बापाचा पेड, त्याचाच पेड.

साकवाची राखण हैबती नावाच्या माणसाकडे होती. कोणाचा पेड आत घ्यायचा आणि कोणाचा काढायचा, हे शेवटी त्याच्याच हातात असे. हैबती कमी बोलणारा, मऊ मनाचा. त्या दुष्काळात आईचं बोट धरून आलेली एक पोरगी साकवाच्या तोंडाशीच बसून राहिली होती. आई तापाने गेली. हैबतीने पोरीला आपल्या ताटातली भाकर दिली, मोठी झाल्यावर लुगडं दिलं, दरीच्या काठाला खोपटं उभारायला बांबू दिले. तिचं नाव साळू. ती त्याला बाबा म्हणे.

दोर वळायला दोन माणसं लागतात. एकाने या टोकाला पीळ द्यायचा, दुसऱ्याने त्या टोकाला धरून ठेवायचं. हैबतीच्या समोरचं टोक साळू धरत असे. तिच्या हाताखालून गावातल्या सगळ्या घरांचे पेड गेले. तिचा स्वतःचा तेवढा नव्हता.

हैबतीला एक मुलगा होता, बयाजी. तो मोठा झाला आणि गावातल्या इतर तरुणांसारखा बंदरावर निघून गेला. जाताना म्हणाला, "सुगीला येतो, बाबा." सुगी आली, गेली. तो आला नाही.

तेव्हा गावात पुन्हा बैठक बसली. गेलेल्यांचे पेड जुने झालेत, काढून टाकू, असं कोणीतरी म्हणालं. कधी न बोलणारा हैबती उठून उभा राहिला. 

"पेड काढला, तर पोरं परत कशासाठी येतील? राहू द्या. त्यांची जागा राहू द्या."

बैठकीतल्या सगळ्यांचंच कोणी ना कोणी गेलेलं होतं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ठरलं, की गेलेल्यांचा पेड कधीही काढायचा नाही.

अशी गावाची रीत येणाऱ्यांच्या भीतीने आणि जाणाऱ्यांच्या दुःखाने घडत गेली. दोरात गेलेल्यांचे पेड तसेच राहिले आणि जी माणसं रोज चुली पेटवत होती, त्यांतली कितीतरी बिनपेडाची राहिली.

मीठवाला वर्षातून एकदा बैल खाली ठेवून पाठीवर गोणी घेऊन वर येई. एका वर्षी तो हैबतीला म्हणाला, "तुमच्या बयाजीला मुलगा झाला. आता तो बंदराचा."

"बंदराचा म्हणजे?"

"तिथं जन्मला ना. तिथं जो जन्मला तो तिथला, अशी त्यांची रीत."

"असं कसं? मला न विचारता?"

मीठवाला हसला. "आजोबा, ती व्यापारी माणसं. जहाजांवर सदा हात कमी पडतात त्यांना. कोण कुठून आला, हे विचारत बसायला सवड कुणाला आहे? विचारायचं ते तुम्ही डोंगरातली माणसं. तुम्हाला दारात पाहुणा दिसला की आधी त्याचा आजा आठवतो."

हैबतीने मीठ घेतलं. त्या दिवसापासून तो रोज साकवाशी जाऊन बयाजीचा पेड हाताने चाचपू लागला. पेड काळा पडला होता. नखाने ओढला तर भुसा निघे.

साळूचं लग्न तिच्यासारख्याच दुष्काळात आलेल्या एकाशी झालं. तिला मुलगी झाली, मुलीचंही लग्न झालं आणि मुलीला मुलगा झाला. त्या वर्षी पेड बदलायच्या दिवशी साळू नातवाला कडेवर घेऊन आली. हातात नवा, पांढरा पेड होता.

"बाबा, मी काही मागत नाही माझ्यासाठी. माझं झालं आता. पण हे पोर इथंच जन्मलं, याची आई इथंच जन्मली. याचा तरी पेड घ्या."

सगळे गावकरी जमले होते. एक म्हातारा खाकरला. "आज एक घेतला तर उद्या सगळी खोपटी येतील वाख घेऊन."

"येऊ द्या की," साळू म्हणाली. "दोर जाड होईल. तुम्हीच निर्धास्त चालाल त्यावरून."

कोणीतरी हसलं.

अडचण वेगळीच होती. दोर काठावरच्या खडकातल्या एका भोकातून ओवलेला होता आणि भोक गच्च भरलं होतं. एक पेड आत घ्यायचा, तर एक बाहेर काढावा लागणार.

"दुसरं भोक पाडा," साळूचा जावई म्हणाला.

"पूर्वजांनी एकच पाडलंय," म्हातारा म्हणाला, आणि ते बोलणं तिथंच संपलं.

साऱ्यांनी हैबतीकडे पाहिलं. हैबती खडकाशी वाकला. सगळ्यात सडलेला पेड कोणता, हे त्याला न बघता माहीत होतं. त्याने तो दोन बोटांत धरला. नुसता ओढायचा होता. साळू समोर उभी होती आणि तिच्या कडेवरचं पोर त्याच्याकडे बघून हात नाचवत होतं.

हैबतीला सुगीला येतो म्हणणारा बयाजी दिसला. त्याची बोटं सुटली.

"साळू," तो हळूच म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू, बाई."

साळूने पेड गुंडाळला. "तुम्ही दर वर्षी असंच म्हणता, बाबा. आणि किती मायेने म्हणता."

आठवडा गेला नाही तोच खोपट्यांतली माणसं बोचकी बांधून साकवाशी आली. ती बंदराकडे निघाली होती. रीतीप्रमाणे पुढे चालायला पेडवाला हवा होता. हैबतीच उठला. तो पुढे, साळू मागे, तिच्या मागे बाकीचे. साकव करकरत होता.

पलीकडे पोचल्यावर साळूने वाकून नमस्कार केला.

"तुम्ही मला भाकर दिली, लुगडं दिलं, बांबू दिले. मी विसरणार नाही. पण बाबा, मला सगळं दिलंत आणि माझं असं काहीच दिलं नाहीत."

 हैबती एवढंच म्हणाला, "जपून जा."

खोपटी ओस पडली. पुढच्या वर्षी पेड बदलायचा दिवस आला तेव्हा हैबती आपल्या टोकाला बसला. समोरचं टोक धरायला कोणी नव्हतं. एका शेजाऱ्याने धरून पाहिलं, पण त्याला सवय नव्हती आणि पीळ उलगडून गेला. दोर तसाच राहिला. त्याच्या पुढच्या वर्षीही तसाच राहिला. तरुण होते ते निघून गेले, म्हातारे होते ते एकेक करून मेले. नाचणीच्या शेतांत गवत माजलं.

मग एका दुपारी जोराचा वारा सुटला आणि साकव तुटला. त्यावर कोणीही नव्हतं. आधी बयाजीचा पेड गेला, मग त्याच्या शेजारचे, तेही गेलेल्यांचेच. उरलेल्यांनी थोडा वेळ जीव धरला. मग सगळा दोर दरीत लोंबकळला आणि खाली गेला. हैबती ते बघत काठावर उभा राहिला.

त्यानंतर मीठवाला येईना. गाव अळणी जेवू लागलं. गाव म्हणजे तरी काय, दोन-तीन अंथरुणाला खिळलेली माणसं आणि हैबती. तीही माणसं गेली. हैबतीने त्यांना मूठमाती दिली आणि एकटा राहिला.

एका सकाळी पलीकडून हाक आली.

"बाबा!"

त्याने कपाळावर हात धरून पाहिलं. साळू होती. केस पिकलेले, पण उभं राहणं तेच. पायांशी दोराचं मोठं वेटोळं होतं. साकव तुटल्याचं तिने मीठवाल्याकडून ऐकलं होतं आणि बंदरावरून ती चालत आली होती.

तिने गोफण फिरवली. गोफणीतून एक पुरचुंडी उडाली आणि हैबतीच्या पायांशी पडली. पुरचुंडीला बारीक दोरी बांधलेली होती, दोरीच्या दुसऱ्या टोकाला जाड दोर. हैबतीने पुरचुंडी सोडली. आत मीठ होतं.

"ते ठेवा तुम्हाला! आता दोरी ओढा!"

हैबती ओढू लागला. बारीक दोरी सरसर आली. मग जाड दोर दरीवर लोंबला आणि त्याचं वजन हाताला आलं. हैबतीने पाय रोवले. दोर तसूभर पुढे आला आणि हातभर मागे गेला. त्याने दोरी मनगटाला गुंडाळली. कातडी सोलली गेली.

"कुणाला तरी बोलवा, बाबा! एकट्याचं काम नाही ते!"

हैबतीने गावाकडे मान वळवली. दारं उघडी होती. एकाही घरातून धूर येत नव्हता. कोणाला हाक मारावी, हे त्याला सुचेना. तोंडातून सवयीने एकच नाव निघालं.

"बयाजी!"

कड्यांनी ते नाव परत आणून दिलं.

दोर त्याला काठाकडे ओढू लागला. त्याचे पाय घसरत होते आणि तरी तो सोडत नव्हता. पलीकडून साळूने ते पाहिलं. ती जिवाच्या आकांताने ओरडली, "सोडा, बाबा! सोडा!"

त्याने मनगट मोकळं केलं. दोर पलीकडच्या वेटोळ्यासकट दरीत गेला. पडल्याचा आवाजसुद्धा वर आला नाही.

मग दोघं आपापल्या काठावर बसून राहिली.  ऊन उतरल्यावर साळू उठली, बंदर लांब होतं. ती दिसेनाशी होईपर्यंत हैबती बघत राहिला. मग त्याने ओढाताणीत जमिनीवर सांडलेलं मीठ खडा न् खडा वेचलं आणि घरी जाऊन पेजेत घातलं. खूप दिवसांनी पेजेला चव आली होती. त्याच्याने ती गिळवली नाही.

तात्पर्य: मायेने हक्काची भरपाई होत नाही. जे गाव गेलेल्यांच्या आठवणीने जागा अडवून ठेवतं आणि आलेल्यांना काठावर बसवतं, त्या गावाला शेवटी हाक मारायलाही माणूस उरत नाही.