हणमंतगीरांचं मनगट

“नुसती चाल बघून मी माणसाचा आजार ओळखतो,” हणमंतगीर गोसावी म्हणाले. “तीस वर्षांत एकदाच चुकलो... चुकलो कसला, एकदाच बरोबर आलं. तो लंगडत होता.”

“मी काय विचारलं, महाराज?” शिवकांता म्हणाली. “जाऊ का नको?”

मठाच्या ओट्यापाशी ती उभीच होती. खांद्याला बॅग, हातात कागदांची पिशवी. नर्सिंगला कॉलेजात पहिली आलेली पोर, पास होऊन पाच महिने झालेले. दुपारी अडीचला हैदराबादची बस.

हणमंतगीर चिंचा फोडत बसले होते. भगवी वस्त्रं चढवण्याआधी ते तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सच होते. गाव अजून त्यांना ब्रदर म्हणतं, आणि मठाला वॉर्ड.

“हैदराबादेत रोगी जास्त झालेत का?”

“नोकऱ्या जास्त आहेत म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“आमचे सर.”

“सर गेलेत कधी?”

“तुम्हाला थट्टा सुचते!” ती भडकली. “गुलबर्ग्यात म्हणाले, कन्नड येत नाही. सोलापुरात म्हणाले, दोन वर्षांचा अनुभव आणा. अहो, कुणी घेतल्याशिवाय अनुभव काय झाडाला लागतो? लातुरात एकानं घेतलं, तर पंधरा दिवस फायलींवर नंबर टाकायला बसवलं. पेशंटला हात लावायचा नाही म्हणे, तुम्ही नव्या! मग शिकवलं कशाला आम्हाला? हारतुरे घालून फोटो कशाला काढले?”

हणमंतगीरांना आतून गुदगुल्या झाल्या. चिडलेल्या माणसाला आणखी एक चिमटा काढण्यात जी गोडी, ती भजनात नाही, हे ते स्वतःच कबूल करत.

चिंचेनं बरबटलेला हात त्यांनी पुढं केला.

“नाडी बघ माझी.”

“आत्ता?”

“पहिली आलीस ना?”

तिनं मनगट गच्च धरलं. डोळे घड्याळावर. एक मिनिट पुरं मोजलं आणि तिचा चेहराच उतरला.

“एकशे अठरा! महाराज, छातीत दुखतंय का? घाम येतोय? उठा, आधी दवाखान्यात चला. बस गेली खड्ड्यात!”

हणमंतगीर गदागदा हसले.

“मी इथं मांडी घालून चिंचा फोडतोय. पळतंय कोण?”

तिनं मनगट सोडलं नाही.

“तुझा अंगठा बघ, पोरी.”

तिनं पाहिलं. रागाच्या भरात तिनं मनगट अंगठ्यानंच दाबून धरलं होतं. अंगठ्यात आपलीच नाडी उडते. म्हणून तो कधी लावायचा नाही, बोटं लावायची. पहिल्या वर्षाचा पहिला धडा.

शिवकांताचे कान लालबुंद झाले.

“ही तुझी नाडी, सिस्टरबाई. ती मोजायला हैदराबाद कशाला पाहिजे? घरी बसून मोज. आधी ती थंड कर, मग जगाच्या मनगटाला हात घाल.”

हे वाक्य हणमंतगीरांना स्वतःलाच फार आवडलं. आता पोर पाया पडणार म्हणून त्यांनी पाय जरा पुढं सरकवले.

पोर काही पडली नाही. तिनं बॅग खाली ठेवली. ओट्यावर टेकली. अंगठा काढला आणि तीन बोटं नीट जागेवर ठेवली.

“चुकले,” ती म्हणाली. “पण पाच महिन्यांत सात दवाखाने झाले, महाराज. सगळ्यांनी माझे कागद चाचपले. मनगट पुढं करणारे तुम्ही पहिले... तेही चेष्टेला.”

हणमंतगीरांचा हात जरा मागं सरला. तिनं तो जागच्या जागी धरून ठेवला.

“बसला अजून वेळ आहे. हात मागं घेऊ नका... आणि मोजून होईस्तोवर बोलू नका.”