नाण्याची कोरी बाजू

एका राज्यात एक रीत होती. नाण्यावर ज्याचं चित्र कोरायचं, त्याची आधी परवानगी मागायची. ठसा कोरणाऱ्याने रित्या हातांनी त्याच्यासमोर उभं राहायचं, विचारायचं आणि होकार मिळेपर्यंत थांबायचं.

राजा मकरंदसेन गादीवर आला. राज्याभिषेकाला त्याला नवी नाणी हवी होती आणि त्यांवर राज्याची तीन चिन्हं: कदंब, झरा आणि सारस.

टांकसाळीत म्हातारी येसाई ठसे कोरत असे. ती म्हणाली, "महाराज, कदंब एका दिवसात बोलतो, झरा तिसऱ्या दिवशी. सारस मात्र जोडीला विचारल्याशिवाय उत्तर देत नाही. महिना लागेल."

"अभिषेक आठ दिवसांवर आहे."

प्रधान हसला. "पाखराची परवानगी? येसाई, उद्या बेडकांचा कौल घ्याल!"

दरबार खिदळला. न विचारता कोरलं तर शाप लागतो, हे येसाईला ठाऊक होतं. तरी तिने ठसे कोरले.

पहिला घण पडला, कदंब नाहीसा झाला. दुसऱ्याला झरा गेला. तिसऱ्याला तळ्यावरचा सारस गेला. तिघे चांदीत जाऊन बसले. नाणी फार देखणी झाली. लोकांनी ती देव्हाऱ्यात ठेवली.

तळ्यावर एकटी सारसी उरली. येसाई तिच्याकडे गेली. "बाई, उपाय सांग."

"तीन कामं. राजाने मुकुट उतरवून दारोदार नाणी परत मागावी. ती वितळवून तू आपल्या हातांनी ठसे घासावेस. मग तिघांच्या रिकाम्या जागी उभं राहून विचारावंस. लवकर करा. झरा नाही, तळं आटतंय."

राजा दारोदार हिंडला. लोकांनी नाणी दिली, टोमणेही दिले. "महाराज, मागायला शिकलात म्हणायचं!"

एक नाणं काही मिळेना. चार महिन्यांनी ते प्रधानाच्या पेटीत सापडलं. "फार देखणं होतं, महाराज," तो खाली मानेने म्हणाला.

शेवटचं नाणंही वितळलं. येसाईने ठसे घासले; बोटं सोलून निघाली. रिकाम्या जागी जाऊन तिने विचारलं. कदंब उभा राहिला, हो म्हणाला. झरा वाहिला, हो म्हणाला. तळं भरू लागलं आणि पाण्यावर सारस उतरला. शाप सरला.

पण तोवर तळं पुरतं आटलं होतं; सारसी आदल्याच सकाळी गेली होती.

"सारसा, नाण्यावर येशील?" येसाईने विचारलं.

"जोडीला विचारून सांगतो," तो म्हणाला आणि तिला हाका मारत काठाकाठाने चालू लागला.

त्या राज्यात आता सावली आहे, पाणी आहे. नाण्याच्या एका बाजूला कदंब आणि झरा आहेत. दुसरी बाजू कोरी आहे. होकार मिळेपर्यंत थांबायचं, अशी रीत आहे.