उष्टी हळद

नदीकाठच्या कोळथडी गावी अबोलनाथ महाराजांचा मुक्काम होता. उतरायचे देवीच्या देवळात. देवी काळ्या पाषाणाची, नवसाला पावणारी. देवळाची झाडलोट रामजी माळ्याची लेक गोजरा करी. मुलगी कामसू, भोळी आणि रंगाने चांगलीच काळी.

तिचे लग्न ठरले ते पुरुषमंडळींच्या बैठकीत. वऱ्हाड गावात उतरले, तेव्हा कुठे वरमाय भिवराबाईंनी सून पाहिली. स्वतः केतकीसारख्या गोऱ्या! तिथेच त्यांचे पित्त खवळले.

जानवसघरी नवऱ्याला हळद लागली. आता रीतीप्रमाणे उरलेली उष्टी हळद नवरीकडे जायची. पण भिवराबाईंनी वाटी फडक्यात बांधून ओटीत घेतली.

"कोळसा उगाळावा तितका काळाच! माझी हळद मी त्यावर वाया नाही घालवायची. गाड्या जुंपा!"

रामजीने पागोटे त्यांच्या पायांवर ठेवले. "विहीणबाई, मांडवातून वऱ्हाड परत गेलं तर पोरीला कुणी विचारणार नाही हो!"

"तो तुमचा घोर. माझी नातवंडं अशी व्हायला नकोत."

नवरदेव आईपुढे मान खाली घालून बसला होता. गोरज मुहूर्त जवळ येत होता. बैल जुंपले गेले. रामजीच्या तोंडचे पाणी पळाले, तो धावत देवळात गेला. "महाराज, पोरीचा जन्म वाया चालला!"

महाराज तसेच अनवाणी जानवसघरी आले. म्हणाले, "बाई, हळद धाडा."

"नाही धाडणार. वाटी माझ्या ओटीत आहे."

"बघा बरं एकदा सोडून."

भिवराबाईंनी फणकाऱ्याने गाठ सोडली, आणि हात तिथेच थांबला. वाटी धुतल्यासारखी लख्ख! हळदीचा कणसुद्धा नाही.

"चोरी! चोरी झाली!" असे ओरडत त्या मुलीच्या घरी धावल्या. मागोमाग महाराज आणि सारे वऱ्हाड. मांडवात पाटावर गोजरा बसलेली, अंगभर हळद माखलेली. भिवराबाईंनी स्वहस्ते हळदीत कालवलेल्या चंदन-नागरमोथ्याचा वास घरभर दरवळत होता.

"कुणी दिली गं तुला?"

गोजरा लगबगीने उठून पाया पडली. "एक काळीशी म्हातारी आली, आत्याबाई. म्हणाली, सासूनं मायेनं धाडलीय, तिला यायला उशीर होतोय. तिनंच लावली. मला वाटलं होतं, तुमच्या मनाला मी येणार नाही. लई उपकार झाले तुमचे!"

त्या भोळ्या शब्दांनी भिवराबाईंच्या काळजाला घरे पडली.

इतक्यात देवळाकडून गुरव धापा टाकत आला. "महाराज, नवल झालं! देवीचे दोन्ही हात हळदीनं भरलेत!"

मांडवातल्या साऱ्यांनी देवळाकडे हात जोडले. महाराजांनी हलकेच विचारले, "बाई, हा मुलगा तुम्हांला कसा झाला?"

"याच देवीच्या नवसानं, महाराज. बारा वर्षं कूस उजवली नव्हती."

"मग पदर पसरताना तिचा रंग पाहिला होता का?"

भिवराबाईंना हुंदका आवरेना. त्या महाराजांच्या पायांकडे वाकल्या, तसे महाराज मागे सरले. "माझा नाही, बाई, तिचा अपराध केलात."

अहाहा, काय तो क्षण! ज्या वरमाईचे पाय मुलीकडच्यांनी धुवायचे, तिने भरल्या मांडवात सुनेच्या पायांवर डोके ठेवले.