लिंपलेल्या घटातील किण्वा

कृतयुग नवे होते, आणि वारा आपल्या हक्काचाच आहे असे सगळे धरून चालले होते, त्या काळी मेखल पर्वताच्या पायथ्याशी, द्राक्षवेलींच्या सघन मंडपाखाली ऊर्ध्वशिख महर्षींचा आश्रम होता. तप अफाट; अहंकार त्याहून दोन बोटे उंच.

द्राक्षांच्या सालीवर धूलिकणाएवढी किण्वा, रस आंबवणारी सूक्ष्म जीवकळा, राहत असे. ती यज्ञरसात उतरली आणि रसाला वास आला.

"क्षुद्रे, रस विटाळलास!" महर्षी गरजले, आणि रिवाजाप्रमाणे विटाळलेला घट तिच्यासकट मातीने लिंपला. फटसुद्धा ठेवली नाही. ती मेली असे समजून थोर मंडळी जेवायला बसली.

त्याच यज्ञात वायुदेवाला आहुती मिळाली सर्वांत शेवटी. "दिसत नाही म्हणून मला मागे बसवता काय?" एवढे बोलून तो शिखरावर निघून गेला आणि त्याने जगातला सगळा वारा आवरून घेतला.

होमाग्नी विझला. मदमत्त गजराज गुडघ्यांवर आले. महर्षींचे ओठ काळेनिळे पडले. तेवढ्यात घट खदखदला, लिंपण तडकले आणि झाकण मंडपापार उडाले!

"तू जिवंत? वाऱ्यावाचून?" महर्षी पुटपुटले.

"तुमचीच कृपा, आजोबा. कोंडलेत, म्हणून शिकले. शर्करा पुरती जाळायला वारा लागतो. अर्धवट मोडायला लागत नाही. बळ थोडेच मिळते, पण लगेच मिळते. मागे मद्य उरते, बुडबुडे उरतात."

"मग वाचव सर्वांना."

"मी नाही. वायूचा अपमान तुम्ही केलात, त्याची माफी तुम्हीच मागा. ही विद्या घडीभर तुमच्या मांड्यांत ठेवते. पळा."

महर्षी पळाले! कडे, खडक, काटे तुडवीत, छातीत श्वास नसताना ते शिखर चढले. मांड्यांत आंबट आग पेटली, पण पाय थांबले नाहीत. त्यांनी वायूपुढे मस्तक टेकले. वायू विरघळला आणि त्रैलोक्याने श्वास घेतला.

आता तरी आभार मानावेत की नाही? छे. मांड्या चोळत म्हाताऱ्याने शापोदक उचलले. "माझी गात्रे आंबवलीस! तू केलेल्या मद्यातच तुझा अंत होईल."

वायू संतापला. "शाप मला पुसता येत नाही, किण्वे. पण जिथे मी नसेन, तिथेही तू जगशील. आणि तुझी विद्या प्राण्यांच्या गात्रांतून कधीच जाणार नाही."

म्हणून मद्याचा घट एका मर्यादेनंतर आपोआप शांत होतो. स्वतःच्याच मद्यात किण्वा तिथे मेलेली असते. आणि चढावर धावताना श्वास अपुरा पडून मांड्या पेटतात, तेव्हा जिला कोंडून मेली समजले होते, तिचीच विद्या आपल्याला पुढे नेत असते.