अबोलीची शिंक आणि गवतातली परी

फुलपाखरं जेव्हा आपापले पंख स्वतःच रंगवायची, तेव्हाची ही गोष्ट.

झेंडूवाडी नावाचं एक इटुकलं गाव होतं. गावाभोवती मळेच मळे. केशरी झेंडू, पिवळीधमक शेवंती, आणि बांधाबांधावर कमरेएवढं गवत. त्या गवताला चंदेरी तुरे. सकाळचं कोवळं ऊन पडलं, की सगळं गाव कसं चमचम चमचम करायचं!

अबोलीला मात्र ते धड बघताही यायचं नाही. डोळे चुरचुरायचे, इवलंसं नाक लालबुंद व्हायचं आणि मग, "आक्छीं! आक्छीं! आऽऽक्छीं!"

अबोली आणि तिची आई एका खोपटात राहायच्या. दिवसभर दुसऱ्यांच्या मळ्यात फुलं तोडायची, माळा ओवायच्या, तेव्हा कुठं संध्याकाळी चूल पेटायची. आठ वर्षांची अबोली गुणाची पोर. दमलेल्या मधमाशीला गुळाच्या पाण्याचा थेंब पाजायची, पडलेलं पिल्लू घरट्यात ठेवायची. फक्त शिंकायची. आणि झेंडूवाडीत रीत अशी, की कामाला निघताना कुणी शिंकलं, तर निघणाऱ्यानं मागं फिरायचं, पाटावर बसायचं, पाणी प्यायचं आणि मगच निघायचं.

आता काय सांगावं! साऱ्या गावाची फुलं विकायला नेणारे दाजीबा गाडी घेऊन बाजाराला निघाले, की आक्छीं! दाजीबा उतरले, पाटावर बसले, पाणी प्यायले, परत चढले. आक्छीं! परत उतरले. एका सकाळी तर बिचारे अकरा वेळा चढले-उतरले. पोटात पाणी डुचमळायला लागलं, ऊन डोक्यावर आलं आणि गाडीतल्या शेवंतीनं माना टाकल्या.

"अगं ए शिंकरे!" दाजीबा कावले. "तुला नुसतं बघून बैल खाली बसायला लागलेत माझे!"

आणि खरंच, दोन्ही बैल बसले होते.

बरं, उपाय काय कमी झाले? गावात ज्याला ज्याला नाक होतं, त्याच्याकडे एक उपाय होता. कुणी म्हणालं ओव्याची पुरचुंडी हुंग, कुणी म्हणालं उशाखाली कांदा ठेव. कांद्यानं शिंका राहिल्या तशाच, वर रडू आलं ते वेगळंच.

शेवटी दाजीबा आईला म्हणाले, "गिरजे, चार दिवसांवर दसरा आलाय. दसऱ्याची गाडी अडली, तर साऱ्या गावाची फुलं वाया जातील. तोवर पोरीची शिंक थांबली नाही, तर तिला मिठागरावर आत्याकडे धाड. तिकडं गवताचं पातं नाही."

आईनं हातातला माळेचा दोरा दोनदा तोडला. आईला सोडून राहायचं? अबोली धावत सुटली आणि रडायला जाऊन बसली कुठं, तर नेमकी बांधावरच्या उंच गवतात!

तेवढ्यात गवतातून आवाज आला, "छीं!"

अबोलीनं तुरे बाजूला केले. आत वीतभर उंचीची परी बसली होती. मोरपिशी पंख, त्यावर गुलाबी टिकल्या, अंगात चांदण्याचा झगा आणि नाक गुंजेसारखं लाल.

"हसू नकोस," परी वैतागून म्हणाली. "तीनशे चाळीस वर्षांची झाले मी. बहिणी कमळात राहतात, दवात राहतात. माझ्या वाट्याला काय, तर गवत! अगं, फुलांना उगाच नावं ठेवतात लोक. ह्या तुऱ्यांची भुकटी वाऱ्यावर उडते ना, तीच जाते नाकात. परी म्हणे! सारखी झग्याची बाही नाकाला. छीं!"

"मावशी, तुलापण?" अबोलीचं रडू पळालं.

"मलापण. बरं, सापडले आहे तर नियम ऐक. तीन वर मिळतील. प्रत्येक वर एका दमात मागायचा. मध्ये शिंक आली, की जेवढं बोललीस तेवढंच मिळणार, आणि तेही घटकाभर. आणि माझ्यासाठी काही मागायचं नाही, ते चालत नाही."

अबोलीनं डोळे मिटले. "माझं नाक छान... आक्छीं!"

नाक छान झालं. गुलाबी, चमचमतं, टोकाला इंद्रधनुष्याचा ठिपका. आणि त्या छान नाकातून पुन्हा, "आक्छीं!"

"शिंकायचं नाही म्हटलं होतं ना!"

"आली, त्याला मी काय करू?"

"तेही खरंच म्हणा. चल, दुसरा."

"दाजीबांची गाडी उडत... आक्छीं!"

लांबून दाजीबांची आरोळी आली, "अरे, गाडी झाडाएवढी वर गेलीय! मला खाली कोण उतरवणार?"

परीनं कपाळावर हात मारला. "एकच उरला आता. ऐक माझं. दोनच शब्द म्हण, 'गवत-फुलं नकोत.' फुलांचा दोष नसला, तरी आता उगवणारं काहीच नको मला! शिंक यायच्या आत म्हणून होईल. तूही सुटशील, मीही सुटेन."

अबोलीनं तोंड उघडलं. समोर शेवंतीवर एक मधमाशी बसली होती, सोनेरी बुंदीसारखी. पलीकडे आई वाकून फुलं तोडत होती. अबोलीनं तोंड मिटून घेतलं.

"नको मावशी. ही काय खाईल? आणि आईच्या हाताला काम कुठलं? राहू दे तो वर. आधी तुझं नाक बघू."

तिनं परीला ओच्यात घालून घरी नेलं. अंगावरची, केसांतली भुकटी धुतली, कपडे बदलले, परीचे पंख हळूच ओल्या फडक्यानं पुसले. आईनं उकळून कोमट केलेल्या पाण्यात चिमूट मीठ घातलं, त्यानं दोघींची नाकं धुतली. नाकपुड्यांच्या कडेला खोबरेल तेलाचं बोट फिरवलं. वारा सुटला की खिडकी लावली. धुणं बांधावर वाळत घालायचं सोडून आत दोरीवर टाकलं. बाहेर पडताना नाकावर ओलं फडकं. खोपटाजवळचं गवत आईनं तुरे फुलायच्या आतच कापून शेजारच्या गाईला घातलं.

दुसऱ्या दिवशी परी कुरकुरली, "काल केलं ना? आज पुन्हा?"

अबोलीनं कमरेवर हात ठेवले. "रोज करायचं असतं, मावशी!"

आणि म्हटल्या म्हटल्या तिनं जीभ चावली. आई हेच तर सांगत होती! पण अबोलीनं प्रत्येक उपाय एक दिवस केला होता आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केस मोकळे सोडून गवतात हुंदडली होती.

मग दोघींनी रोज केलं. चाळीस शिंकांच्या वीस झाल्या, विसांच्या दहा, आणि चौथ्या दिवशी मोजून चारच.

"आता माग," परी म्हणाली. "म्हण, कध्धी शिंक नको."

अबोली जरा थांबली. उद्या गावात दुसरंच कुणी शिंकायला लागलं तर? त्यालाही आत्याकडे धाडतील? तिनं श्वास घेतला आणि एका दमात म्हणाली, "कुणाच्याच शिंकेनं कुणाचं काम अडू नये आणि शिंकतो म्हणून कुणाला घरापासून लांब धाडू नये!"

"आणि तुला काय?"

"माझ्या चारच तर आहेत. सांभाळीन मी."

परीनं नाक पुसलं. या वेळी ते भुकटीमुळे नव्हतं. "दिला वर. कसा फळतो, ते सकाळी बघ."

सकाळ झाली. गाडी झेंडूनं शिगोशीग भरली होती. सगळं गाव श्वास रोखून उभं. अबोली नाकाला फडकं लावून आईला चिकटलेली. दाजीबांनी गाडीवर पाय ठेवला आणि...

"हाऽऽऽआक्छीं!"

सगळ्यांनी अबोलीकडे बघितलं. अबोली दाजीबांकडे बघत होती. शिंकले होते दाजीबाच! फुलांची राखण करायला रात्री गाडीखाली ताज्या गवताचं अंथरूण करून झोपले होते ना!

"आता?" कुणीतरी कुजबुजलं. बैल बसायच्या बेतात आले. दाजीबा सवयीनं खाली उतरायला लागले. अबोली ओलं फडकं आणि पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

"दाजीबा, उतरू नका! शिंक नाकातून येते, चाकातून नाही. हे बांधा, पाणी वर बसूनच प्या आणि निघा!"

दाजीबांनी फडक्याकडे बघितलं. फुलांकडे बघितलं. लालबुंद नाक पुसलं आणि गडगडाट करून हसले. "गिरजे, ही पोरगी कुठंही जायची नाही गं! चढ अबोले पुढं. फडकं ओलं करायला तूच हवीस."

आईनं पदर डोळ्यांना लावला. त्याच क्षणी बांधावर सोनेरी उजेड झाला. परी पंख पसरून वर चालली होती. तिच्या झग्यातून चांदण्याची रांगोळी झरत होती, आणि ती खोपटाभोवती जिथं जिथं पडली, तिथं तिथं उगवली केशरी अबोली. इवली, नाजूक, नाकाशी कसलंच वैर नसलेली. अबोलीचा आणि आईचा स्वतःचा मळा!

"रोज नाक धुशील ना गं, मावशी?" अबोली गाडीतून ओरडली.

"धुते गं बाई, धुते!" उजेड लखलखला, लहान लहान झाला, ठिपक्याएवढा झाला. विझता विझता त्यातून एक बारीकसा आवाज आला, "छीं!"

गाडी मात्र थांबली नाही.