हिवरपेठचे दोन ठोके

पाहुणे, चपला त्या चुन्याच्या रेषेबाहेर काढा आणि मग आत या. मैदानाला आम्ही देव मानतो अशातला भाग नाही. कारण आहे, ते ओघात येईलच.

ही पूर्वेकडची गोलाची जाळी. तिच्यासमोरची ही अर्धगोल रेषा म्हणजे डी. हिच्या आतून मारलेला चेंडूच गोल धरतात. आता रेषेच्या आत चार पावलांवर खाली पाहा. वाटीएवढा खळगा दिसतोय? बाकीचं मैदान मुरूम दाबून पाटासारखं सपाट केलेलं आहे. दर दिवाळीनंतर आम्ही रूळ फिरवतो, सगळे खाचखळगे बुजवतो, हा एवढा सोडून देतो. सामन्याला उतरणारा प्रत्येक गडी आधी इथं येऊन काठी दोनदा आपटतो, टक टक. पुढं खेळताना गोलावर मारायची वेळ आली की जिथं असेल तिथं पुन्हा दोन ठोके, आणि मगच फटका. न आपटता मारलेला गोल हिवरपेठच्या या सामन्यात मोजत नाहीत. बाहेरून येणाऱ्या पंचांना हे चहा पाजून समजवावं लागतं. एकानं मला विचारलं, नियमांच्या पुस्तकात हे कुठं आहे? म्हटलं, साहेब, पुस्तक लिहिणारा हिवरपेठेत आला नसेल.

ही रीत कशी पडली ते सांगतो. मी काही पाहिलेलं नाही. ज्यांच्याकडून ऐकलं, त्यांना खोटं सांगून काही मिळणार नव्हतं.

नदीच्या दोन काठांवर ती दोन धुराडी उभी आहेत ना, त्यांतून एके काळी धूर निघत असे. अलीकडची जुनी गिरणी, पलीकडची नवी. दोन्हींत कापड निघायचं आणि दोन्हींचे हॉकीचे संघ होते. गडी पगारावर ठेवलेले. हजेरीपटावर मागवाला म्हणून नाव, पण मागाला हात लावायचा नाही, सकाळ-संध्याकाळ खेळायचं. राहायला गिरणीच्या चाळीत खोली. खेळ संपला की खोलीही संपली. संक्रांतीनंतरच्या पहिल्या रविवारी दोन्ही गिरण्यांचा सामना या मैदानावर होई. वीस वर्षं होत होता म्हणे, पण ते नुसते सामने होते. कोणी जिंकायचं, कोणी हरायचं, संध्याकाळी दोन्हीकडचे एकाच हॉटेलात भजी खायचे. वैर लागलं ते श्रावण भटकर आणि पुंजाजी तायडे समोरासमोर आले तेव्हापासून.

श्रावण आमचा, जुन्या गिरणीचा. आघाडीला खेळायचा. घराणं विहिरी खोदणाऱ्यांचं. कुदळ मारणारा माणूस घाव घालण्याआधी दांडा दोनदा जमिनीवर आपटून पाहतो, सैल तर नाही ना म्हणून. लहानपणापासून कुदळ हाती, तीच खोड त्याच्या हॉकीच्या काठीला लागली. डीमध्ये चेंडू आला की थांबवायचा, टक टक करायचं आणि मारायचा. त्या दोन ठोक्यांतही कोणी त्याच्याजवळचा चेंडू काढून घेऊ शकत नसे, असा त्याचा वकूब होता.

पुंजाजी नव्या गिरणीचा गोल राखणारा, गोली. उंच, सडसडीत, बोलायला कमी. साऱ्या वऱ्हाडात श्रावणनं गोल केले, पुंजाजीवर एकही झाला नाही. ठोके कसे पडतात यावरून चेंडू कुठं जाणार हे पुंजाजी ओळखायचा, असं सांगतात. श्रावणला ते माहीत नव्हतं. खोड ज्याची असते त्याला ती ऐकू येत नाही.

चार वर्षं अशी गेल्यावर लोक श्रावणला बाजारात चिडवू लागले. तेव्हा तो नदीच्या डोहावरच्या आसरांना, त्या पाण्यातल्या देवींना, नवस बोलला, पुंजाजीवर गोल करीन तेव्हाच पायात वहाण घालीन. वऱ्हाडातला वैशाख पाहुण्यांनी पाहिला नसेल. इथं दगडालाही फोड येतात. पुढची सात वर्षं तो अनवाणी राहिला. त्याच्या आईनं, गयाबाईनं, नवस बोलला त्याच आठवड्यात चांभाराकडून नव्या वहाणा करून आणल्या होत्या. दर संक्रांतीला ती त्यांना तेल लावायची आणि पुन्हा पेटीत ठेवायची. सातव्या वर्षी ती खाटेला खिळली. "माये डोळे मिटाच्या आंधी घाल रे बाप्पा," एवढंच म्हणायची. श्रावणही पस्तिशीला आला होता. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं.

त्याच वर्षी, संक्रांतीच्या सकाळी, तो पूल ओलांडून पलीकडे गेला. वैरी असले तरी तिळगूळ देण्याची रीत दोघांनी मोडली नव्हती. पुंजाजी चाळीच्या ओट्यावर बसला होता. श्रावणनं काही न बोलता हात पुढं केला. पुंजाजीनं चाहूल ओळखली, हसला आणि ओंजळ पुढं धरली. ओंजळ तिळगुळापासून वीतभर बाजूला होती. ती तिथंच राहिली, रिकामी, आणि पुंजाजी हसतच होता.

घरातून त्याची बायको कौतिका धावत आली. नवऱ्याचे हात धरून तिनं जागेवर आणले. मग श्रावणला पोचवायच्या निमित्तानं चाळीच्या टोकापर्यंत गेली आणि म्हणाली, "भाऊ, दोन वर्सं झाले. सावल्या दिसतात फक्त, त्याबी आता नाही. बाकीच्यांचे चेंडू आमचे गडी अडवतात. तुमचे थे कानानं अडवतात. कोनाले सांगू नोका. खोली जाईन आमची."

"नाही सांगत, वहिनी," श्रावण म्हणाला.

आणि त्यानं खरंच कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, संघातल्यांना नाही.

रविवारी सामना झाला. नदीच्या दोन्ही काठांवरून माणूस लोटला होता. मांडवात दोन्ही गिरण्यांचे मॅनेजर खुर्च्या टाकून बसले होते. शेवटची पाच मिनिटं राहिली तरी गोल नव्हता. तेवढ्यात श्रावणला चेंडू मिळाला. दोघांना चुकवून तो डीमध्ये शिरला, त्या खळग्याच्या जागेवर आला आणि चेंडू थांबवला. समोर फक्त पुंजाजी, गुडघ्यात वाकलेला, मान जराशी तिरकी केलेली. ठोके पडले नाहीत.

श्रावणनं मारलंही नाही, म्हणे. मारलं असतं तर आवाज झाला असता. त्यानं चेंडू नुसता काठीनं ढकलला. लहान पोरानं लिंबू घरंगळत सोडावं तसा तो चेंडू निघाला, पुंजाजीच्या डाव्या पायापासून हातभर अंतरावरून गेला आणि जाळीत जाऊन थांबला. सगळ्या मैदानानं तो जाताना पाहिला. पुंजाजी हलला नाही.

आमच्याकडच्यांनी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. त्या शांततेत पुंजाजी वाकलेलाच होता. थोडा वेळ गेला आणि तो म्हणाला, "मार ना बाप्पा, श्रावण. काऊन थांबला?"

हे वाक्य मैदानाच्या त्या टोकापर्यंत ऐकू गेलं असं सांगतात. मांडवातही ऐकू गेलं.

जुनी गिरणी जिंकली. बक्षिसाची ढाल कोणी उचलली ते कोणालाच आठवत नाही. श्रावण घरी आला तेव्हा गयाबाईनं खाटेवरून हात लांबवून वहाणा त्याच्यासमोर ठेवल्या. त्यानं त्या उचलून पुन्हा पेटीत ठेवल्या. ती माउली काय समजायचं ते समजली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. पंधरवड्यात गेली.

पलीकडं पुंजाजीला खोली सोडायचा हुकूम झाला. बैलगाडीत सामान चढवत होते त्या दिवशी श्रावण तिथं गेला. गाडीपासून दहा पावलांवर उभा राहिला. पुंजाजीनं मान वळवली.

"अनवानी पावलं तुयेच," तो म्हणाला. "नवस फिटला ना? मंग वहाना घाल."

"पुंजाजी, तुयी खोली..."

"खोलीचं सोड. थे आज ना उद्या जानारच होती. दोन वर्सं मी अंधारात उभा हाय, गड्या. त्या अंधारात मले एक तूच दिसत होता. ठोके पडले का वाटे, आला श्रावण. थे बी तू नेलं."

कौतिकानं गाडीत शेवटचं गाठोडं ठेवलं आणि जाताना त्याच्यापाशी थांबली. "तुमी कोनाले सांगतलं नाही," ती म्हणाली. "शबूद पाळला, भाऊ." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच श्रावणला जन्मभर पुरलं.

गाडी कौतिकाच्या माहेरी गेली. पुंजाजी त्याच आषाढात वारला. कोणी म्हणतं तापानं, कोणी म्हणतं रात्री उठला आणि शेतातल्या विहिरीत पाय गेला. ज्यांना ठाऊक होतं त्यांनी कधी नीट सांगितलं नाही.

पुढच्या संक्रांतीनंतर पुन्हा सामना आला. नव्या गिरणीनं नागपूरकडून तरणाबांड गोली आणला होता, चांगल्या डोळ्यांचा. श्रावण चेंडू घेऊन डीमध्ये आला, त्याच जागेवर थांबला, दोन ठोके दिले. मग आणखी दोन दिले. मग आणखी दोन. तो गोली बावचळून बघत राहिला. पलीकडच्या एकाही गड्यानं श्रावणपुढचा चेंडू काढून घेतला नाही. सगळे जागच्या जागी उभे होते. शेवटी श्रावणनं काठी त्या खळग्यापाशी आडवी ठेवली आणि तो मैदानाबाहेर निघून गेला. पुन्हा खेळला नाही. त्याची खोली गेली, तो बापाच्या धंद्याला लागला, विहिरी खोदू लागला.

आता ऐका, रीत कशी पडली ते. आम्ही पाडली नाही. त्याच दिवशी, उतरत्या उन्हात, पलीकडचा एक आघाडीवाला चेंडू घेऊन आमच्या डीमध्ये आला. आमचा गोली घसरून पडला होता, जाळी उघडी होती. ढकलला असता तरी गोल होता. तो गडी थांबला. आमचा गोली उठून उभा राहीतोवर थांबला. मग त्यानं काठी दोनदा आपटली, टक टक, आणि मारला. गोल झाला, आम्ही हरलो. आमच्या मुकादमानं त्याला विचारलं, हे काय नवीन? तो म्हणाला, "तुमच्या गोलीले दिसते, ठावं हाये. पन मारनारा आला हाये, हे सांगून मारावं."

तेव्हापासून दोन्हीकडचा एकही गडी न सांगता मारत नाही. बाहेरच्या संघांशी खेळताना आमची पोरं ठोके देत नाहीत; तिथं खुशाल ढकलतात, चोरून मारतात, खेळच तो. ठोके फक्त पलीकडच्यांसाठी, आणि त्यांचे फक्त आमच्यासाठी. वैर कशाला म्हणतात असं विचारत होता ना मघाशी? आम्हाला एवढंच सांगता येतं.

पुढं गिरण्या बंद पडल्या. यंत्रं भंगारात गेली, चाळी पडल्या. सामना राहिला.

आणि एक भांडण राहिलं, तेही सांगतो, म्हणजे पलीकडं गेलात तर गोंधळ व्हायला नको. पलीकडचे तुम्हाला सांगतील की श्रावणला काही ठाऊक नव्हतं. तो तिळगूळ द्यायला आला तेव्हा पुंजाजी आत निजलेला होता, तिळगूळ कौतिकानंच घेतला. सामन्यात तो ठोके विसरला, बस्. हे त्यांच्या मनचं नाही. कौतिकाबाई नव्वदीपर्यंत जगली आणि नातवंडांना हेच सांगत गेली: त्यांना मालूम नव्हतं, मी कधी बोललेच नाही.

अलीकडच्या काठावर आम्ही सांगतो, ठाऊक होतं. कारण श्रावण भटकरनं मरताना तेच सांगितलं. ओट्यावरची रिकामी ओंजळ, चाळीचं टोक, "नाही सांगत, वहिनी," सगळं. मी तेव्हा उशाशी होतो. तो माझा आजा. त्याच्या वहाणा आम्ही त्याच्याबरोबर सरणावर ठेवल्या. तेल लावून लावून त्या अजून मऊ होत्या. आमच्या घरातला कोणी या रेषेच्या आत पायात काही घालून येत नाही. तुम्हालाही म्हणूनच चपला काढायला लावल्या. राग मानू नका.

तो पाहा, पुलावरून वासुदेव तायडे येतोय. कौतिकाबाईचा नातू, त्यांच्या गोलींना तोच शिकवतो. हातात तिळगुळाची पुडी असेल. दर वर्षी तो माझ्या हातावर तिळगूळ ठेवतो आणि म्हणतो, "भटकर, तुमच्या आज्याले मालूम नव्हतं." मी म्हणतो, होतं. तो म्हणतो, नव्हतं. चाळीस वर्षं झाली, दोघांपैकी कोणी माघार घेतलेली नाही. त्याची आजी खोटं बोलत होती हे त्यालाही कळतं. पण तो ते सोडत नाही, आणि मी त्याला आमचा माणूस दोषातून सोडवू देत नाही.

चला, गडी उतरले. आता बोलू नका. आजही पहिला गडी या खळग्यापाशी आला की दोन्ही काठांची माणसं गप्प होतात, आणि दोन्हीकडचे गोली डोळे मिटून उभे राहतात, ठोके ऐकू येईपर्यंत.